गुण्यात नसलेला गुण्या

बँकेत ३६ वर्षं काढून माणूस घरी येतो तेव्हा त्याच्याजवळ दोन गोष्टी असतात. निरोप समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ आणि दुसऱ्याची चूक शोधायची सवय. घड्याळ पहिल्या दिवाळीलाच बंद पडलं. सवय ठणठणीत आहे. ती मी आधी स्वयंपाकघरात चालवून बघितली. पण आमटीतल्या मिठाचं ऑडिट करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आमटीच मिळत नाही, हे लवकरच कळलं. मग सुतारकामाकडे वळलो. लाकूड उलटून बोलत नाही, असा माझा समज होता.

बोहरी आळीत जाऊन करवत, रंधा, दोन पटाशा, हातोडी असा सगळा संसार घेतला आणि शेवटी एक गुण्या. दहा इंची पोलादी पातं, त्याला लाकडी दांडा, दांड्यात तीन पितळी रिबिटा. "लाकूड कुठलंय?" मी विचारलं. "झाडाचं," दुकानदार म्हणाला. पुण्यात हे उत्तर सविस्तर समजतात, म्हणून मी पैसे देऊन आलो.

गुण्या म्हटल्यावर बहुतेकांना कंपासपेटीतले प्लास्टिकचे दोन त्रिकोण आठवतात. एकात ३०, ६०, ९०. दुसऱ्यात दोन ४५ आणि एक ९०. आमच्या वर्गात त्यांचा उपयोग भूमितीपेक्षा पुढच्या बाकावरच्याला टोचायला जास्त व्हायचा. सुताराचा गुण्या त्याच घराण्यातला, फक्त कष्टकरी शाखेतला. फळीच्या कडेला दांडा टेकवायचा, पात्याला लागून रेघ ओढायची, रेघ कडेशी काटकोनात येते. संपलं काम. नावाचं कूळ मात्र लांबचं आहे. फारसीत सुताराच्या काटकोनाला गुनिया म्हणतात आणि तिथे तो ग्रीकमधल्या 'गोनिया'वरून, म्हणजे कोपऱ्यावरून आला. ट्रिगॉनॉमेट्रीच्या पोटात बसलेला 'गॉन' तोच. म्हणजे अकरावीत ज्यानं छळलं त्याच्या चुलतभावाला मी रोख पैसे मोजून घरी आणलं होतं. रोमन लोक ह्याच हत्याराला नॉर्मा म्हणत आणि 'नॉर्मल' हा शब्द त्यातूनच निघाला. हे वाचल्यापासून डॉक्टर "रिपोर्ट नॉर्मल आहेत" म्हणाले की मी मनातल्या मनात त्याचं मराठी करून घेतो: साखर गुण्यात आहे.

ही सगळी विद्वत्ता मी बायकोला ऐकवली. शेवटी जरा लाडात येऊन म्हटलं, "लग्नात सगळ्यांनी आशीर्वाद दिला होता, गुण्यागोविंदानं नांदा. आज गुण्या आणला बघ."

"मग गोविंद आणा," ती म्हणाली. "निदान तो तरी वेळेवर जेवायला येईल."

पण तिनं एक काम मात्र सांगितलं. सत्यनारायणाला दरवर्षी चौरंग शेजारून आणावा लागतो, आणि परत करताना शेजारच्या काकू त्याचे चारही पाय आमच्यासमोर मोजून घेतात. एवढी हत्यारं आणलीच आहेत तर एक चौरंग करा. पूजा पुढच्या महिन्यात.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागवान आणलं. अठरा इंची चौरस चौरंग, चार पट्ट्या, चार पाय, वर फळ्या. प्रत्येक माप मी दोनदा घेतलं, प्रत्येक रेघ गुण्या लावून मारली, प्रत्येक पट्टी रेघेवर कापली. पहिला कोपरा जुळला. दुसरा जुळला. तिसरा जरा ओढूनताणून जुळला. चौथ्या कोपऱ्याला सात मिलिमीटरची फट राहिली. तिच्यातून बायकोनं माझ्याकडे बघितलं.

फट लांबी भरून बुजवली. मग चौरंग जमिनीवर ठेवला आणि त्यावर तांब्या. तांब्यानं एकदा पूर्वेला नमस्कार केला, एकदा पश्चिमेला.

"अहो, डुगडुगतोय."

"लाकूड ताजं आहे. बसेल."

"लाकूड बसेल. कलश आडवा होईल."

तीन पायांचं काहीही डुगडुगत नाही, म्हणून जुन्या लोकांनी तिवई काढली. चौथा पाय आला की मतभेद आला. मी लांब वाटलेला पाय कापला, मग दुसरा लांब झाला. तो कापला. आठवडाभरात चौरंगाचा पाट व्हायची वेळ आली.

त्या सुमारास ट्रॉलीची बिजागरी बसवायला आमचे नेहमीचे मिस्त्री आले. सत्तरीचे, कानामागे पेन्सिल, बोलणं मोजकं. चौरंगाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मिस्त्री लोक दुसऱ्याच्या कामाकडे बघतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टरांसारखी एक काळजी येते. त्यात आजार किती आहे ते कळत नाही, पण बिल किती होईल ते कळतं.

"साहेब, गुण्या तपासला होता का?"

"गुण्या कसा तपासायचा? गुण्यानं तपासायचं ना?"

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, पटाशीनं तिचं टोक तासून तासून सुईसारखं केलं. जाड पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर असते, चूक असेल तर तिच्या पोटात लपून बसते. मग रंधा मारलेली एक फळी घेऊन तिच्या कडेला दांडा डावीकडे करून टेकवला, पात्याच्या बाहेरच्या कडेनं खालपासून वरपर्यंत रेघ ओढली. आणि गुण्या पालटला. दांडा आता उजवीकडे. पातं त्याच रेघेच्या बुडाशी आणून लावलं आणि दुसरी रेघ ओढली.

दोन्ही रेघा एकाच बिंदूतून निघाल्या होत्या. दहा इंच वर जाईपर्यंत त्यांचं एकमेकींशी बोलणं बंद झालं होतं. टोकाला मिस्त्रींनी पट्टी लावली. दोन मिलिमीटर.

"फरक दोनचा," मिस्त्री म्हणाले. "म्हणजे गुण्या एकानं बाहेर."

आता इथे मी खुर्चीतून उठलो. कारण हे मला ३६ वर्षं येत होतं. बँकेत संध्याकाळी जमा-नावे जुळली नाही की जुने हेडक्लार्क सांगायचे, आधी फरक दोननं भागून बघ. निम्मी रक्कम कुठेतरी जमेऐवजी नावे पडलेली असते. २,४०० चा फरक असेल तर १,२०० ची नोंद शोधायची. चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम दुप्पट होऊन समोर येते. (नवानं भाग जात असेल तर आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५ झालेत. तो वेगळा रोग.) गुण्या डावीकडून जेवढा चुकतो तेवढाच उजवीकडून उलटा चुकतो, आणि दोन्ही चुका समोरासमोर आल्या की दुप्पट होऊन कबुलीजबाब देतात. वरून कोणी इन्स्पेक्टर लागत नाही. स्वतःचंच स्वतःला पालटून लावायचं, एवढ्यात सगळं बाहेर येतं. आमच्या शाखेत ही पद्धत माणसांना लावायची फार इच्छा होती, पण पालटण्याइतके हलके कोणी नव्हते.

सात मिलिमीटरचा उलगडा पण झाला. दहा इंचाला एक मिलिमीटर म्हणजे जेमतेम पाव अंश. तो चार कोपऱ्यांत चार वेळा त्याच दिशेला साठला की एक अंशाच्या जरा अलीकडे आला, आणि अठरा इंचांवर तेवढा कोन म्हणजे सात मिलिमीटर. चूक अगदी नियमित होती. चक्रवाढ नव्हे, पण दर तिमाहीला जमा होत होती. लोखंडकामाचे जे तपासणीचे गुण्ये असतात त्यांच्यासाठी जर्मनांचं 'डीआयएन ८७५' हे मानक आहे. त्यात १०० मिलिमीटरच्या गुण्याला सर्वांत कडक श्रेणीत ३ मायक्रॉन चूक माफ, सर्वांत सैल श्रेणीत ३०. माझ्या गुण्याची त्याच लांबीला ४००. आणि हे लाकूडकाम आहे, इथे एवढं चालत नाही का, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढणार होतो, तेवढ्यात तांब्या पडला.

"पण मिस्त्री," मी शेवटचा मुद्दा काढला, "ही फळीची कडच वाकडी असेल तर?"

मिस्त्री पहिल्यांदा हसले. विद्यार्थी बरा निघाला अशा अर्थाचं. "ती पण पालटून बघायची." कडेनं रेघ ओढायची, फळी पालटून तीच कड त्याच रेघेला लावायची. मधे पोट किंवा खड्डा असेल तर तोही दुप्पट होऊन दिसतो. म्हणजे आधी कड तपासायची, मग कडेवर गुण्या, मग गुण्यानं लाकूड. जेवायच्या आधी हात धुवायचे, आणि हात धुवायच्या आधी साबण.

दुसऱ्या दिवशी गुण्या घेऊन मी बोहरी आळीत. सोबत दोन रेघांची फळी, पुरावा म्हणून. दुकानदारानं फळी बघितली, मला बघितलं.

"काका, एवढा फरक तर माणसामाणसांत असतो."

मी म्हटलं, दुसरा द्या. त्यानं आठ गुण्ये काढून काउंटरवर ठेवले. काउंटरला काच होती, म्हटलं बरं झालं. दोन-दोन गुण्ये काचेवर दांड्यावर उभे करायचे, पात्यांच्या पाठी एकमेकींना लावायच्या आणि मधून उजेड दिसतो का बघायचं. पहिल्या जोडीत वरून उजेड. दुसरीत खालून. तिसऱ्या जोडीत एक रेशनकार्ड आरामात गेलं असतं. चौथी जोडी मात्र अशी चिकटली की केस जाणार नाही. मी विजयी मुद्रेनं वर बघितलं. दुकानदारही सुटल्यासारखा झाला. "बघा, दोन्ही बरोबर."

पण हात शिवशिवत होते. तिथेच काचेच्या कडेला लावून दोन्ही पालटून बघितले. एक अर्ध्या मिलिमीटरनं विशालकोनी, दुसरा अर्ध्या मिलिमीटरनं लघुकोनी. एक जेवढा पुढे झुकला होता तेवढाच दुसरा मागे सरकला होता, आणि म्हणूनच दोघांचं इतकं गुळपीठ होतं. जोसेफ व्हिटवर्थ हा इंग्रज यंत्रकार १८४० साली ग्लासगोच्या सभेत हेच सांगत होता, फक्त तो सपाट पाट्यांबद्दल बोलत होता. दोन पाटे एकमेकांवर बेमालूम बसले म्हणजे दोन्ही सपाट असतील असं नाही. एक फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असला तरी बसतात. तिसरा पाटा आणून आळीपाळीनं तिघांची जोडी लावली तरच लबाडी संपते. मी दुकानदाराला हे थोडक्यात समजावलं. मागे गिऱ्हाईक थांबलं होतं.

"मग असं करा," तो म्हणाला, "दोन्ही घ्या. सरासरी बरोबर येईल."

बदलून मिळाला नाही. पावतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य मात्र अगदी सरळ रेषेत छापलं होतं.

घरी आलो तर नात अभ्यास करत होती. माझी कहाणी ऐकून तिनं रद्दीतला पेपर घेतला, त्याचा वेडावाकडा तुकडा फाडला, एकदा घडी घातली, आणि घडीची कड घडीच्या कडेवरच आणून दुसरी घडी घातली. "आजोबा, घ्या. काटकोन. आम्हाला शाळेत करायला लावतात." मी तो कोपरा फळीवर ठेवून, पालटून, परत ठेवून बघितला. रेघेवर रेघ. एक सरळ कोन बरोबर दोन सारख्या भागांत दुमडला की ९० होणारच, त्यात ना पोलाद लागतं ना पितळी रिबिटा. गेल्या आठवड्याच्या पेपरमधली निधनवार्ता माझ्या गुण्यापेक्षा अधिक अचूक होती.

शेवटी मिस्त्रींकडेच गेलो. त्यांनी माझा गुण्या हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "पडला होता का?" सुतारांत गुण्या पाडणं म्हणजे देव पाडण्यासारखं. एकदा पडला की रिबिटा हलतात, मग वरून कितीही शहाणा दिसला तरी त्याचा भरवसा नाही. मी खरं सांगितलं. एकदाच पडला होता, टेबलावरून. (तीनदा. त्यातला एकदा मांजरीनं पाडला.)

रिबिटा घट्ट होत्या. मग कानस काढली. माझा गुण्या विशालकोनी होता, म्हणजे पातं दांड्यापासून लांब झुकलेलं. तेव्हा बाहेरची कड टोकाकडे घासायची आणि आतली कड मुळाशी. चार हात कानशीचे, की फळीवर ठेवून दोन रेघा. परत चार हात, परत दोन रेघा. अर्धा तास दोन्ही रेघा हळूहळू एकमेकींकडे येत होत्या. शेवटी शेवटी मिस्त्री पेन्सिल सोडून चाकूच्या टोकानं रेघ ओढायला लागले, आणि एका क्षणी दुसरी रेघ ओढल्याचं कळलंच नाही. चाकू पहिल्याच रेघेत चालत गेला होता.

मधे चहा आला तेव्हा त्यांचा स्वतःचा गुण्या बघितला. तो एकजीव लोखंडी, एल आकाराचा, दोन्ही बाजूंना इंच कोरलेले, बरेचसे झिजलेले. कोपऱ्याजवळ मात्र बारीक बारीक खळगे, देवीचे व्रण असावेत तसे. काही आतल्या कोपऱ्याशी, काही बाहेरच्या.

"हे काय?"

"सेंटर पंचचे. ह्याला घासायचं नाही, ह्याला ठोकायचं." एकजीव गुण्या ऐरणीवर ठेवून आतल्या कोपऱ्याजवळ पंच मारला की तिथलं लोखंड पसरतं, दोन्ही हात एकमेकांपासून ढकलले जातात, कोन उघडतो. बाहेरच्या कोपऱ्याजवळ मारला की मिटतो. एक टिचकी मारायची, तपासायचं, दुसरी मारायची. मी खळगे मोजले. आत नऊ, बाहेर सात.

"म्हणजे एकदा जास्त उघडला, म्हणून परत मिटवला?"

"आतले वडिलांचे," मिस्त्री म्हणाले. "बाहेरचे माझे."

खरा गुण्या हातात आल्यावर माणसानं नवा चौरंग करायला घ्यावा. मी घर तपासायला घेतलं. आधी दाराची चौकट. मग ओटा. मग खिडकी, कपाट, फ्रेममधले आमचे सासरे. हॉलच्या कोपऱ्याला दहा इंची गुण्या पुरेना, तेव्हा गवंड्यांचं तीन-चार-पाच लावलं. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांची खूण, दुसरीवर चार फुटांची. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं की कोपरा काटकोनात. यज्ञाच्या वेदी आखायला दोऱ्या आणि खुंट्या घेऊन बसणाऱ्यांना कर्णाचं हे गणित ठाऊक होतं, बौधायनाच्या शुल्बसूत्रात ते आहे. पाच फूट म्हणजे साठ इंच. आमच्याकडे एकसष्ट भरले.

एक इंच ऐकायला काही नाही. पण कोन झाला ९२ अंशांचा, आणि बारा फुटी भिंत शेवटाला पोचेपर्यंत पाच इंच भरकटली होती. भिंतीलगत फरशीचा जो तुकडा एका टोकाला सुतळीएवढा आणि दुसऱ्या टोकाला पाच इंची आहे, ती डिझाइन असावी असं आम्ही अकरा वर्षं समजत होतो. पाहुण्यांना दाखवतही होतो.

"म्हणून सोफा भिंतीला लागत नाही," बायको म्हणाली. "अकरा वर्षं त्या फटीतून रिमोट काढतेय मी."

त्या संध्याकाळी आमचं पहिल्यांदा सुतारकामावर एकमत झालं. पण मी गुण्या घेऊन शेजारच्या काकूंकडे निघालो तेव्हा तिनं दार अडवलं.

नवा चौरंग पूजेच्या आदल्या रात्री झाला. चारही कोपरे बिनफटीचे, दोन्ही कर्ण सारखे, पायांचे बुडखे गुण्यात. मिस्त्रींच्या सपाट बाकावर ठेवून बघितला, दाणा हलला नाही. मिस्त्री "बरा आहे" म्हणाले. मी ते तारखेसह वहीत लिहून ठेवलं.

सकाळी गुरुजी आले. चौरंग हॉलमध्ये मांडला, केळीचे खांब बांधले, तांदळाच्या राशीवर कलश ठेवला. कलशानं एकदा पूर्वेला नमस्कार केला, एकदा पश्चिमेला.

मी खाली वाकलो. चौरंग गुण्यात होता. फरशी कुठे होती?

गुरुजींनी मंत्र न थांबवता पिशवीत हात घातला आणि उदबत्तीच्या पुड्याचे कापलेले तुकडे काढले. तीन जाडीचे, रबर लावून वेगवेगळे बांधलेले. त्यांनी कलशाकडे नजर टाकली, मधला गठ्ठा निवडला, त्यातला एक तुकडा उजव्या पायाखाली सरकवला आणि कलशाला बोट लावून बघितलं. ढिम्म.

"केवढ्याचा लागला?" मी खिशातली स्टीलची पट्टी काढत विचारलं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "संकल्प सोडायचाय. पट्टी खाली ठेवा, पळी घ्या."